सेमिनरी आणि येशिवा एकच का? ज्यू लोकांच्या धार्मिक शिक्षणाबद्दल विचारायचंय

गोंधळलेला_गडी:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी न्यूयॉर्कला असतो. ऑफिसात माझ्या शेजारच्या डेस्कवर एक सिनियर बाई आहेत, ऑर्थोडॉक्स ज्यू, आमचं चांगलं जमतं. मागे एकदा म्हणाल्या की मुलीची हायस्कूल संपली, आता ती वर्षभर जेरुसलेमला सेमिनरीत चाललीये. मी आपलं उत्साहाने विचारलं, अरे वा, म्हणजे रब्बी, तुमच्यातली धर्मगुरू, होणार का? बाई दोन सेकंद गप्प आणि मग एवढ्या हसल्या की डोळे पुसायची वेळ आली. म्हणाल्या नाही रे बाबा, आमच्यात मुली रब्बी होत नाहीत, ती नुसती "सेम"ला चाललीये.

बरं, हे ऐकून आठवडा झाला नसेल तोवर मी ब्रॉडवेवरून १२२व्या स्ट्रीटपाशी चालत होतो आणि तिथे एका मोठ्या विटांच्या इमारतीवर पाटी, ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरी. आतून बाहेर येणाऱ्यांत बायकाही होत्या आणि दोघींच्या डोक्यावर ती गोल टोपी, किप्पा. घरी येऊन वाचलं तर तिथून बायका १९८५ पासून चक्क रब्बी होऊन बाहेर पडतायत. म्हणजे हीपण सेमिनरी, तीपण सेमिनरी?

आणि भरीस भर म्हणून परवा येशिवाचा एक व्हिडिओ बघितला. भलामोठा हॉल, शंभर-दोनशे पोरं, दोघं दोघं समोरासमोर बसलेले, मध्ये जाडजूड पुस्तकं उघडी आणि सगळेच्या सगळे एकदम तावातावाने भांडतायत, एक जण टेबलावर मूठ आपटतोय, कोपऱ्यात एकटा बसून कुणी शांतपणे वाचतोय असं दृश्यच नाही. माझ्या डोक्यात धार्मिक शिक्षण म्हणजे पुढे गुरुजी, समोर मांडी घालून बसलेली मुलं आणि एका सुरात पाठांतर. हे तर भाजी मंडईसारखं वाटलं.

तर कुणीतरी नीट समजावून सांगा की येशिवा काय, सेमिनरी काय, ते नक्की शिकतात काय आणि एवढं ओरडतात कशाला. विकिपीडिया वाचून झालाय, तिथे तारखा कळल्या, बाकी डोक्यावरून गेलं.

खिडकीपाशी:

दोन्ही सेमिनरी पण सेम नाहीत, एवढं मला तुझ्याच पोस्टवरून कळलं :) जाणकारांची वाट बघतोय, मीपण टोपणनावाने इथेच बसलोय.

जुना_ग्रंथपाल:

गडी, तुझा गोंधळ रास्त आहे. शब्दच तसा आहे.

ऑर्थोडॉक्स लोक इंग्रजीत बोलताना "सेमिनरी" किंवा लाडाने "सेम" म्हणतात ते म्हणजे शाळा संपवलेल्या मुलींसाठीचं धार्मिक शिक्षणाचं वर्ष, बहुतेक वेळा इस्रायलमध्ये. त्यातून पदवी-बिदवी रब्बीची मिळत नाही, हेतूही तो नसतो. त्याच वयाची मुलं जातात ती येशिवात. आणि ब्रॉडवेवर तू पाहिलीस ती सेमिनरी म्हणजे रब्बी घडवणारी संस्था, ही कल्पना मुळात १९व्या शतकातल्या जर्मनीची. १८५४ मध्ये ब्रेस्लाऊला, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्स्वाफला, झकारियास फ्रांकेल यांच्या हाताखाली अशी सेमिनरी सुरू झाली. विचार असा की नव्या काळातल्या रब्बीला तालमूद, म्हणजे ज्यू धर्मनियमांवरच्या चर्चांचा तो मोठा ग्रंथ, यायलाच हवा, पण शिवाय इतिहास, हिब्रू व्याकरण, तत्त्वज्ञान, प्रवचन कसं करायचं हे सगळं यावं, आणि ग्रंथांकडे बघताना विद्यापीठातली चिकित्सक पद्धत वापरावी. हाइनरिख ग्रेट्झ, ज्यांनी ज्यू इतिहासाचे ते प्रचंड खंड लिहिले, ते तिथेच शिकवायचे.

येशिवा ही त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. तालमूद ज्या बॅबिलोनियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तयार झाला तिथल्या सुरा आणि पुंबेदिता या विद्यापीठांपर्यंत तिचं नातं सांगतात. पण तू व्हिडिओत पाहिलीस तशी मोठी, दुरून दुरून मुलं येऊन राहतात अशी येशिवा, तिचा साचा पडला तो व्होलोझिनमध्ये, आजच्या बेलारूसमध्ये, १८०३ साली. आणि येशिवाबद्दल बाहेरच्यांना सगळ्यात उशिरा कळणारी गोष्ट म्हणजे तिथे शिकणारे बहुतेक जण रब्बी होण्यासाठी शिकतच नाहीत. शिकणं हीच उपासना. त्याला शब्द आहे "लिश्मा", म्हणजे त्या विद्येच्याच खातर. पुढे हा माणूस दुकान चालवेल, अकाउंटंट होईल आणि तरी रोज रात्री तासभर पुस्तक उघडून बसेल.

आता ओरडण्याबद्दल. त्यासाठी आधी तालमूदचं पान कसं दिसतं ते डोळ्यासमोर आण. मधोमध मूळ मजकूर. त्यात आधी मिश्ना, म्हणजे साधारण इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेले आटोपशीर नियम, आणि मग गेमारा, म्हणजे त्या नियमांवर पुढची तीनेकशे वर्षं बॅबिलोनियात झालेली चर्चा. या मजकुराच्या आतल्या बाजूला, पुस्तकाच्या शिवणीकडे, राशीची टीका, राशी म्हणजे ११व्या शतकातले फ्रान्समधले पंडित, "इथे याचा अर्थ हा" असं हाताला धरून नेणारे. बाहेरच्या बाजूला तोसाफोत, म्हणजे राशींच्या नातवांपासून पुढच्या पिढ्यांतली मंडळी, ती म्हणतात आजोबा, पण तिकडे दुसऱ्या ग्रंथात तर उलट लिहिलंय, त्याचं काय? म्हणजे एका पानावर हजारेक वर्षांची माणसं एकमेकांशी वाद घालत बसलेली. ही मांडणी पक्की केली ती १५२०-२३ मध्ये व्हेनिसला दानिएल बोम्बेर्ग या छापखानेवाल्याने, आणि गंमत म्हणजे तो ख्रिश्चन होता. पानांचे नंबर तेव्हापासून तेच, त्यामुळे जगात कुठेही कुणी "बावा मेत्सिया २१", म्हणजे तालमूदच्या त्या नावाच्या खंडाचं पान २१, म्हटलं की समोरचा तेच पान उघडतो. आणि कुठलाही खंड पान २ पासून सुरू होतो, पान १ नसतंच. कारण छपाईतलं आहे, मुखपृष्ठ पहिलं धरायचे, पण शिक्षक विद्यार्थ्यांना सांगतात की कितीही शिकलास तरी पहिल्या पानावर अजून पोचलेला नाहीस.

असा मजकूर एकट्याने वाचला तर माणूस स्वतःला फसवतो, आपल्याला कळलं असं वाटतं आणि पान उलटतो. म्हणून जोडीदार. त्याला हव्रुता म्हणतात. एक जण वाचतो, अर्थ लावतो, दुसऱ्याचं काम तो अर्थ पाडायचं. तालमूदमध्येच एक गोष्ट आहे, रब्बी योहानान आणि रेश लाकिश या जोडीची. रेश लाकिश वारला. योहानान दुःखाने वेडापिसा झाला म्हणून त्याच्याकडे दुसरा हुशार अभ्यासक पाठवला, तो बिचारा प्रत्येक वाक्याला म्हणायचा, बरोबर आहे तुमचं, याला अमुक ठिकाणी आधार सापडतो. तर योहानान चिडला. म्हणाला, मी काही बोललो की रेश लाकिश चोवीस आक्षेप घ्यायचा, मी चोवीस उत्तरं द्यायचो, आणि त्यातून विषय उलगडत जायचा, तू मला सांगतोस की मी बरोबर आहे? ते मला माहीत नाही का? आणि तो कपडे फाडत रेश लाकिशला हाका मारत फिरत राहिला. तुझ्या व्हिडिओतला मूठ आपटणारा पोरगा या गोष्टीचा वारसदार आहे.

दोन_जिने_वर:

ग्रंथपालांनी छान लिहिलंय पण मला एक खटकलं. वाचून असं वाटतं की येशिवा म्हणजे भक्ती आणि सेमिनरी म्हणजे चिकित्सा, तिकडे हृदय इकडे डोकं. असं नाहीये. येशिवात डोक्याला जो व्यायाम होतो तो भल्याभल्यांना झेपत नाही. व्होलोझिनला शिकवणारे रब्बी हाइम सोलोवेचिक, पुढे ब्रिस्क गावचे, यांची जी पद्धत आहे ती बघा. दोन ग्रंथांत विरोध दिसला की ते म्हणणार, थांबा, हा नियम माणसाला लागू आहे की वस्तूला? हे एकच कलम आहे की दोन वेगळी कलमं एका नावाखाली आलीयेत? आणि एकदा ती चिर बरोबर जागी पाडली की विरोध नाहीसा. कायद्याचा अभ्यास केलेल्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल.

फरक कुठे आहे ते सांगतो, एकाच अडचणीवर दोघं काय करतात त्यात. समजा गेमारात एका पंडिताचं विधान आहे आणि त्याखाली त्याचं दिलेलं स्पष्टीकरण फारच ओढूनताणून आणलेलं वाटतं. येशिवातला माणूस म्हणेल की ओढूनताणून वाटतंय म्हणजे आपल्याला काहीतरी दिसत नाहीये, त्यात अर्थ असणारच, तो शोधा. सेमिनरीतला माणूस विचारेल, हे स्पष्टीकरण कुणी लिहिलं? कधी? डेव्हिड वाइस हालिव्नी, जे त्याच ब्रॉडवेवरच्या सेमिनरीत कित्येक वर्षं शिकवायचे, त्यांनी आयुष्यभर हेच केलं. त्यांचं म्हणणं असं की गेमारातली निनावी चर्चा ही मूळ पंडितांच्या नंतरची, त्या निनावी लोकांच्या हातात विधानं पोचली होती पण त्यामागची कारणं हरवली होती, ती त्यांनी पुन्हा जुळवायचा प्रयत्न केला आणि म्हणून काही ठिकाणी शिवण दिसते. हा माणूस लहानपणी सिगेत गावात तालमूदचा नावाजलेला विद्यार्थी होता, छळछावण्यांतून वाचून आलेला, रोज प्रार्थना करणारा, परंपरा पाळणारा. त्याला चिकित्सक म्हणायचं का भाविक? दोन्ही. आणि त्या दोन्हीची त्याला किंमत पण मोजावी लागली, पण ते पुढे कुणी बायकांचा विषय काढेल तेव्हा सांगतो.

खिडकीपाशी:

मी काढतो बायकांचा विषय :) पण त्याआधी एक शंका. एवढी अक्कल खर्च करून शेवटी चर्चा कशाची, तर एकाच्या बैलाने दुसऱ्याच्या बैलाला शिंग मारलं त्याची. दोन हजार वर्षांपूर्वीचे बैल. आज त्याचा काय उपयोग? टिंगल नाही करत, खरंच विचारतोय.

जुना_ग्रंथपाल:

बैलाचंच घेऊ. पहिल्या तीन वेळा मारलं तर मालकाने अर्धी भरपाई द्यायची, कारण बैल सहसा मारत नाही, त्याला अंदाज नसणार. पण तीनदा रीतसर ताकीद देऊन झाली आणि त्यानंतरही मारलं तर पूर्ण भरपाई, आता तुला माहीत होतं. आता बैल काढ आणि तिथे चावरा कुत्रा घाल, किंवा ब्रेक सतत बिघडणारी गाडी घाल. बैल हे निमित्त आहे रे. "मला कल्पना नव्हती" हे कधीपर्यंत खपवून घ्यायचं हा प्रश्न आहे.

पण मुलांना सुरुवात बऱ्याच ठिकाणी याने करून देत नाहीत, सापडलेल्या वस्तूंच्या प्रकरणाने करतात. मिश्ना म्हणते, रस्त्यात विखुरलेले सुटे पैसे सापडले तर ते सापडणाऱ्याचे, कारण सुट्या पैशांना खूण नसते आणि मालकाने आशा सोडलेली असते. पण पाकिटात पैसे सापडले तर दवंडी पिटून मालक शोधायचा, पाकिटाला खूण असते. सोपं वाटतं ना? आता गेमारा विचारते, मालकाला अजून कळलंच नसेल की पैसे पडलेत तर? आशा सोडायला आधी हरवल्याचं कळायला हवं की नको? पंडित दोन, अबाये आणि रावा. एक म्हणतो, कळलं असतं तर सोडलीच असती, म्हणून सोडली असंच धरा. दुसरा म्हणतो, त्याला माहीतच नाही तर सोडली कशी धरणार?

मी मुद्दाम सांगत नाही कोण काय म्हणालं. लिफ्टमध्ये २० डॉलरची नोट सापडली असं समजा आणि सांगा.

खिडकीपाशी:

सोपंय. माहीत नाही तर आशा सोडली नाही. नोट अजून त्याचीच आहे, मी उचलली तेव्हा मी दुसऱ्याची वस्तू उचलली.

गोंधळलेला_गडी:

पण मग मिश्ना सुटे पैसे घेऊन टाका म्हणते त्याचं काय? रस्त्यात पैसे पडले ते माणसाला त्या क्षणी थोडंच कळतं. तुझं म्हणणं खरं तर मिश्ना चुकली.

खिडकीपाशी:

अरे हो. मग बहुतेक असं की... माहीत नाही. ग्रंथपाल?

जुना_ग्रंथपाल:

गडी, हाच आक्षेप गेमारात आहे, अगदी याच शब्दांत नाही पण हाच. अभिनंदन, तू आता पान २१ वर आहेस. आणि उत्तर मला फार आवडतं, रब्बी इत्सहाकचं एक वाक्य आणून दाखवतात की माणूस घडीघडी आपली थैली चाचपत असतो. म्हणजे पैसे पडले की त्याला कळतंच, लगेच कळतं. तुझा मिश्नावाला पुरावा निकालात. खिडकीपाशीची बाजू होती ती अबायेची, तुझी झाली रावाची. या दोघांत नेहमी रावाचं मत चालतं, सबंध तालमूदमध्ये मोजून सहा ठिकाणी अबायेचं चालतं आणि हे त्यातलं पहिलं.

दोन_जिने_वर:

आता सांगा, हे तुम्ही दोघांनी मंडईसारखं केलं की नाही :)

आणि यात सेमिनरीचा भाग कुठे येतो तेही बघा. आत्ता जे झालं ते येशिवात होतं तसंच झालं, आपण अबाये आणि रावाच्या बाजूला जाऊन बसलो. सेमिनरीतला वर्ग हे करेलच, पण मग विचारेल की हे सहा ठिकाणांचं गणित कुठल्या पिढीने मांडलं, "थैली चाचपतो" हे वाक्य मुळात याच चर्चेसाठी म्हटलेलं की कुठून उचलून इथे बसवलं. काहींना त्यात मजा जाते असं वाटतं. मला उलट वाटतं, पण मी बदनाम आहे.

शुभ्रा_टिपणं:

बायकांचा विषय निघणार होता ना, मग मीच लिहिते, कारण अर्धवट माहिती खूप फिरते.

पहिली स्त्री रब्बी अमेरिकेतली नाही. रेगिना योनास, बर्लिन. तिथल्या होखशूलं नावाच्या संस्थेत शिकली, १८७२ ला सुरू झालेली, ज्यू विद्येच्या शास्त्रीय अभ्यासाची संस्था, जिथे १९२३ मध्ये आजारी असलेला लेखक काफ्का पण वर्गात येऊन बसायचा. योनासने प्रबंधच लिहिला १९३० मध्ये, की धर्मशास्त्राप्रमाणे स्त्री रब्बी होऊ शकते का, आणि उत्तर धर्मशास्त्रातूनच काढलं, काळ बदललाय वगैरे म्हणून नाही, नियमांतूनच, की हो, होऊ शकते. १९३५ च्या डिसेंबरमध्ये एका उदारमतवादी रब्बींनी तिला वैयक्तिकरीत्या स्मिखा दिली, म्हणजे रब्बीपदाची मान्यता. १९४४ मध्ये आउशविट्झमध्ये तिला मारलं. त्यानंतर कित्येक वर्षं तिचं नावही कुणी घेत नव्हतं, बर्लिनची भिंत पडल्यावर कागद सापडले तेव्हा पुन्हा कळलं. होखशूलं १९४२ पर्यंत चालू होती हेपण लक्षात ठेवा, बर्लिनमध्ये, १९४२ पर्यंत, लेओ बेक यांच्यासारखे लोक मूठभर विद्यार्थ्यांना शिकवत होते. मला त्या वर्गाचा विचार केला की गलबलून येतं.

अमेरिकेत रिफॉर्म, म्हणजे सुधारणावादी, पंथाच्या हिब्रू युनियन कॉलेजने १९७२ मध्ये सॅली प्रीसँड यांना रब्बी केलं. ब्रॉडवेवाली सेमिनरी कन्झर्व्हेटिव्ह पंथाची, म्हणजे बदल करायचा पण हलाखाच्या, धर्मनियमांच्या चौकटीत बसवून, त्यामुळे तिथे वर्षानुवर्षं खल झाला. शेवटी १९८३ मध्ये प्राध्यापकांनी मतदान केलं, बायकांना प्रवेश द्यायचा ठरलं, आणि १९८५ मध्ये एमी आइलबर्ग पहिल्या झाल्या. गडीने वाचलेलं साल तेच.

दोन_जिने_वर:

आणि हालिव्नी तेव्हा सेमिनरी सोडून गेले. म्हणजे तालमूदच्या मजकुराचे थर सोलून काढायला ज्याचा हात कचरला नाही तोच माणूस आचार बदलायची वेळ आली तेव्हा थांबला. लोक याला विसंगती म्हणतात. मला नाही वाटत. त्याच्या लेखी अभ्यासात माणूस मोकळा होता आणि आचरणात बांधलेला, आणि दोन्ही एकाच वेळी जगता येतं असं तो मानायचा.

शुभ्रा_टिपणं:

मला वाटते विसंगती. ज्या पद्धतीने "हा थर नंतरचा" म्हणता त्याच पद्धतीने बायकांना बाहेर ठेवणारा थर कधीचा हे विचारायला नको? पण असो, या वादात मी त्यांना सोडून गेलेल्यांत धरते, वाईटांत नाही.

जुना_ग्रंथपाल:

त्या इमारतीत असले वाद नवे नाहीत. सुरुवातच वादातून. १८८३ मध्ये सिनसिनाटीला हिब्रू युनियन कॉलेजची पहिली तुकडी रब्बी झाली, त्याची मेजवानी, आणि ताटात आले शिंपल्यातले मासे, कोळंबी, बेडकाच्या तंगड्या, म्हणजे ज्यू धर्मात वर्ज्य ते सगळं. काही पाहुणे उठून गेले असं सांगतात. त्या एका जेवणाने फूट पडली हे जरा तिखटमीठ लावलेलं वाटतं मला, मतभेद आधीचेच होते, पण तीन वर्षांत, १८८६ ला, न्यूयॉर्कची सेमिनरी उभी राहिली हे खरं. तेव्हा ती आजच्यापेक्षा कितीतरी परंपरावादी होती, तिथला पहिला पदवीधर जोसेफ हर्ट्झ पुढे ब्रिटिश साम्राज्याचा चीफ रब्बी झाला.

मग १९०२ मध्ये सॉलोमन शेख्टर आले आणि तिथे खरा विद्वानांचा अड्डा झाला. हे शेख्टर म्हणजे कैरो गेनिझावाले. ज्यू लोक देवाचं नाव असलेला कागद फेकत नाहीत, सिनेगॉगमधल्या, म्हणजे प्रार्थनामंदिरातल्या, एका खोलीत टाकून ठेवतात, ती गेनिझा. कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगमधली खोली शतकानुशतकं भरत गेलेली. १८९६ मध्ये दोन स्कॉटिश जुळ्या बहिणींनी इजिप्तकडून आणलेलं एक पान शेख्टरना केंब्रिजमध्ये दाखवलं, तो निघाला बेन सिराच्या प्राचीन नीतिग्रंथाचा हिब्रू मजकूर, जो हरवला असं सगळे धरून चालले होते. त्याच हिवाळ्यात शेख्टर कैरोला गेले, धुळीत बसून पोती भरली. केंब्रिजला आज त्यातले एक लाख नव्वद हजारांच्या वर तुकडे आहेत, आणि गेनिझातले हजारो तुकडे न्यूयॉर्कच्या या सेमिनरीकडेही आहेत. त्यात प्रार्थना तर आहेतच पण करारनामे, मुलांच्या अक्षर गिरवायच्या वह्या, मलबारला व्यापार करणाऱ्यांची पत्रं पण आहेत. मध्ययुगातला थोर ज्यू पंडित मायमोनिदीस, त्याचा भाऊ दाविद हिंदुस्थानकडे निघालेल्या जहाजावर समुद्रात बुडाला, त्याने वाटेतून धाडलेलं पत्रसुद्धा त्या ढिगात सापडलं.

आणि ग्रंथालय. १८ एप्रिल १९६६ ला तिथल्या मनोऱ्यात आग लागली, पुस्तकं त्याच मनोऱ्यात ठेवलेली. सत्तर हजार पुस्तकं गेली, उरली ती अग्निशामकांच्या पाण्याने भिजली. मग लोक आले, नुसते आपापले आले, आणि पानापानात कागदी टॉवेल घालून पुस्तकं वाळवत बसले. मी ते ग्रंथालय अभ्यासासाठी वापरलंय. एकदा माझ्या हातात आलेल्या एका पुस्तकाच्या कडा लाटांसारख्या वाकड्या होत्या. काउंटरवरच्या बाईंना मी काही विचारलं नाही, त्यांनीच बघून सांगितलं, ते त्या वर्षीचं आहे.

खिडकीपाशी:

ग्रंथपाल, आता कळलं तुम्ही हे नाव का घेतलंत. आणि विद्वानांचा अड्डा म्हणालात तर दोन-चार किस्से टाका ना, नुसती नावं नकोत.

दोन_जिने_वर:

एक मी टाकतो. शाऊल लिबरमन, तालमूदचे तिथले सर्वांत मोठे पंडित, गूढवाद अजिबात न मानणारे. गेर्शोम शोलेम कब्बालावर, म्हणजे ज्यू गूढवादावर, व्याख्यान द्यायला आले तेव्हा प्रास्ताविक यांनीच केलं, आणि म्हणाले की मूर्खपणा तो मूर्खपणाच, पण मूर्खपणाचा इतिहास ही विद्या आहे. किस्सा वेगवेगळ्या शब्दांत सांगतात, पण सांगतात सगळेच, आणि शोलेम त्यांचे चांगले मित्र होते.

दुसरा मॉर्डेकाय कॅप्लन. हे तिथे पन्नासहून जास्त वर्षं शिकवत होते आणि अलौकिक देव वगैरे मानत नव्हते. १९२२ मध्ये स्वतःच्या मुलीचा बात मित्स्वा, म्हणजे धर्माच्या दृष्टीने वयात आल्याचा विधी, केला, मुलींसाठी असा विधी अमेरिकेत तेव्हा ऐकिवात नव्हता. १९४५ मध्ये त्यांनी प्रार्थनेचं पुस्तक बदलून छापलं तेव्हा ऑर्थोडॉक्स रब्बींच्या एका संघटनेने हॉटेलात सभा घेऊन त्यांना बहिष्कृत केलं आणि ते पुस्तक तिथेच जाळलं. सेमिनरीतल्या सहकाऱ्यांनी, त्यात हे लिबरमनही, वर्तमानपत्रात त्यांच्यावर टीका केली. पण नोकरी गेली नाही. त्याच वर्षी तिथे आले अब्राहम हेशेल, हसिदी, म्हणजे भक्तिमार्गी पंथाच्या, घराण्यातले, देव ज्यांच्या श्वासात होता असे, जे १९६५ ला सेल्मामध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बरोबर चालले. म्हणजे त्या काळातला विद्यार्थी एकाच इमारतीत सकाळी कॅप्लनना ऐकायचा आणि दुपारी हेशेलना. जेवण कसं पचत असेल कोण जाणे.

शुभ्रा_टिपणं:

गडी, एक राहिलं. तुमच्या ऑफिसातल्या बाईंच्या मुलीची "सेम" कुठली आहे त्यावर ती काय शिकणार ते ठरेल. बऱ्याच ठिकाणी मुलींना तनाख म्हणजे बायबल, रोजचे धर्मनियम, विचारधारा एवढंच, गेमारा नाही. काही आधुनिक ऑर्थोडॉक्स संस्थांमध्ये मात्र मुली गेमारा शिकतात, तशाच जोड्यांनी, तशाच ओरडत. विचारून बघा, पण जरा बेतानं विचारा, रब्बी होणार का असं नको :)

आणि स्वतः वाचायचं असेल तर सेफारिया नावाची साइट आहे, तालमूद मूळ आणि इंग्रजी भाषांतरासकट फुकट. जगभर लोक रोज एक पान वाचतात, "दाफ योमी", १९२३ मध्ये मेइर शापिरो या रब्बींनी व्हिएन्नाच्या परिषदेत सुचवलेली कल्पना, २७११ पानं, साधारण साडेसात वर्षांत एक फेरी. सध्याची चौदावी फेरी जानेवारी २०२० ला सुरू झालीये.

गोंधळलेला_गडी:

साडेसात वर्षं! मी जिम साडेसात दिवस करतो. पण बावा मेत्सियाचं ते प्रकरण उघडून बसलोय, खिडकीपाशी, तू रविवारी व्हिडिओ कॉलवर ये, एकट्याने जमत नाहीये.

आणि हो, आज बाईंना सांगितलं की इथे काय काय कळलं. त्या ऐकतच राहिल्या. मी म्हटलं, लिफ्टमध्ये २० डॉलर सापडले तर काय करायचं ते तुमच्या मुलीला विचारा ना. त्यांनी तिथल्या तिथे मेसेज केला, जेरुसलेमला मध्यरात्र असणार, तरी दोन मिनिटांत उत्तर आलं. मला वाटलं ठेवा किंवा परत करा यातलं काहीतरी येईल. तिने उलट विचारलं, लिफ्ट कुणाची, फक्त तुमच्याच ऑफिसची की सगळ्या बिल्डिंगची? आणि नोट घडी घातलेली होती का?

घडीचं काय आहे त्यात? ग्रंथपाल??